काउबॉय काका कसे मरतात

माझ्या बाबांना इथले, टेक्सासमधल्या प्लेनोतले मराठी लोक काउबॉय काका म्हणतात, आणि ते म्हणताना कुणी खुसखुसलं तर मला आजही राग येतो. बाबा काउबॉयच्या सिनेमांत काम करतात. घोड्यावर बसत नाहीत, बंदूक चालवत नाहीत. गोळी खाऊन मरतात. पण असे मरतात, की बघणाऱ्याच्या हातातलं पॉपकॉर्न हातातच राहतं. आता तर दिग्दर्शक स्वतःहून फोन करतात.

नागपूरला दिवसभर सरकारी कचेरी आणि संध्याकाळी नाटकाची तालीम, यात त्यांची उमर गेली. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. पहिलं वर्ष ते खिडकीतून हायवे बघत बसले. मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, तिच्या भावाच्या रँचवर काउबॉय सिनेमांसाठी जुन्या गावाचा सेट उभारलाय आणि गर्दीत उभं राहायला म्हातारे चेहरे हवेत. बाबांनी त्याच दिवसापासून दाढी करणं बंद केलं.

कधी मेक्सिकन म्हातारा, कधी वाटसरू, कधी न्हावी. एकदा हॅट एवढी मोठी मिळाली की पडद्यावर फक्त हॅटच दिसली. आम्ही भारतातल्या नातेवाइकांना तीच कौतुकाने दाखवली. बोलायला मात्र एक शब्द नाही. "जन्मभर स्टेजवर बोललो, अन् इथे मुका," असं ते हसत म्हणायचे. ते हसू काही खरं नव्हतं.

म्हणून दुकानदाराची भूमिका मिळाली तेव्हा आमच्या घरात सणच होता. एक अख्खं वाक्य! दरोडेखोर दुकानात शिरतो, कोपऱ्यातल्या मुलीकडे वळतो, तेव्हा दुकानदार म्हणतो, "दुकान घे, पण तिला हात लावू नकोस." मग गोळी. ते इंग्रजी वाक्य बाबांनी इतकं घोटलं की पोळ्या लाटताना माझ्याही तोंडात यायला लागलं.

शूटिंगच्या दिवशी मी रजा टाकून त्यांना घेऊन गेले. वाक्य झकास आलं. गोळी लागली, बाबा मागे कोसळले, आणि कोसळता कोसळता अर्धी गिरकी घेऊन आडवे झाले. कट! दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

दिग्दर्शक म्हणजे एक तरुण, घाईतली बाई. तिने मला बोलावून विचारलं, "तुझे वडील मरताना फिरतात का?"

मला कारण ठाऊक होतं. नागपूरच्या तालीम मास्तरांनी त्यांच्या अंगात भिनवलं होतं, की स्टेजवर मेलात तरी प्रेक्षकांकडे पाय करायचे नाहीत. मी तिला समजावलं. ती म्हणाली, "इथे प्रेक्षक कुठे आहेत? कॅमेरा आहे."

बाबांना तिचं इंग्रजी समजलं होतं. ते मराठीत मला म्हणाले, "त्यातूनच तर पाहणार ना सगळे?"

तिने उतरत्या उन्हाकडे बोट दाखवलं. आणखी एकच टेक, नाहीतर माणूस बदलायचा. पलीकडे दुसऱ्या एका म्हाताऱ्याला दुकानदाराचा एप्रन बांधायला सुरुवातही झाली होती. माझा पारा चढला.

"बाबा, प्लीज! एकदा पाय समोर आले तर काय बिघडतं? ते रोल देऊन टाकतायत त्याला!"

बाबा जिथे पडायचं त्या जागेवर गेले, कॅमेऱ्याकडे पाहिलं, त्या मुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिला सांग, मी मागे पडतच नाही. पोरीला वाचवायला निघालेला माणूस मागे कसा पडेल? पुढेच पडेल ना."

मी सांगितलं. बाई खुर्चीवर सरसावून बसली.

या वेळी गोळी लागली तरी बाबा थांबले नाहीत. त्या मुलीच्या दिशेने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकायला गेले आणि पुढे कोसळले. डोकं कॅमेऱ्याशी, गाल जमिनीवर, चेहरा अख्खा समोर. कॅमेरा त्या चेहऱ्यावरून हललाच नाही. मला रडू फुटलं. माझा बाप केवढा मोठा नट आहे, हे मला ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं.

कट झालं तरी बाबा उठले नाहीत. पडदा पडेपर्यंत मेलेल्याने हलायचं नसतं, हीसुद्धा मास्तरांचीच शिकवण. मी त्यांच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसले.

"बाबा, उठा. झालं."

त्यांचे डोळे मिटलेलेच. ओठ जेमतेम हलले. "शॉट घेतला का?"

"घेतला."

"अन् तो दुसरा?"

मी मागे वळून पाहिलं. "एप्रन सोडतोय, बाबा."

तेव्हा कुठे त्यांनी श्वास घेतला.