सोंगाचे गेम सुचवणारे साडू

औषध सुचवणारे, स्थळ सुचवणारे आणि वकील सुचवणारे लोक प्रत्येक गल्लीत असतात; पण समोरचा माणूस नीट पाहून त्याला कॉम्प्युटरवरचा गेम सुचवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होता आणि तो माझा साडू. मी कारखान्यात कॉस्टिंगचं काम केलेला माणूस, पुराव्याशिवाय विधान करत नाही. सगळे तालुके मी तपासलेले नाहीत, हे आधीच सांगतो. श्रीरामपूर, राहुरी, नेवासा आणि नगर शहर एवढं पाहिलं. तिथं दुसरा सापडला नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. साडूंचं कोपरगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. ऊसवाल्यांच्या जळालेल्या मोटरी येत, साडू त्यांची जुनी तार उपसून नवी भरत. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी हिशेबासाठी म्हणून कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर हिशेब झालेला मी कधी पाहिला नाही. ज्यात आपण एखादं पात्र व्हायचं, गावोगाव फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, लढायचं आणि हळूहळू बळ वाढवत न्यायचं, असे गेम ते खेळत. त्यांना ते 'सोंगाचे गेम' म्हणत. दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं की आतून आवाज येई, "थांबा वाईच, गुहेत हाय!" गिऱ्हाइकांना सवय झाली होती. ती बाकावर बसून गुहा संपायची वाट पाहत. वीज जाऊन मेहनत वाया जाऊ नये म्हणून ट्रकची एक जुनी बॅटरी त्यांनी इन्व्हर्टरला जोडली होती. घरातला पंखा मात्र त्यावर नव्हता. "पंखा बंद पडला तर पुन्हा पहिल्यापासून फिरवावा लागतो का?" असा त्यांचा अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, सवाल असे.

त्यांची खेळायची रीतही जगावेगळी होती. या गेमांत नायकानं कुणाच्याही घरात शिरायचं, पेट्या-पिंपं उघडायची आणि सापडेल ते घ्यायचं, असा सर्रास रिवाज. साडूंना तो मान्य नव्हता. "मालक समोर उभा हाय, बाई चुलीपाशी हाय, आन् आपण त्यांच्या पेटीत हात घालायचा? शोभतं का?" त्यामुळे त्यांचा नायक कायम दरिद्री. इतरांचे नायक चिलखत घालून राक्षसाला भिडत, साडूंचा फाटक्या सदऱ्यानं आणि लाकडी दांडक्यानं. गेम संपायला त्यांना इतरांच्या तिप्पट वेळ लागे. पण राक्षस मेला की ते ताठ मानेनं खुर्चीतून उठत.

गेम सुचवताना तर ते मुलीकडच्यांपेक्षा कडक चौकशी करत. रस्ता चुकलात तर विचारता की तसेच पुढं जाता? ताटातली आवडती भाजी आधी खाता की शेवटी? एकदा एका बँकेतले साहेब आले. कॉलेजात असताना खेळलो होतो, आता पुन्हा सुरू करावं म्हणतो, काय खेळू, असं त्यांनी विचारलं. साडूंनी चौकशी आटोपून सांगितलं, "तुमी चोराचं सोंग घ्या."

साहेब लाल झाले. "अहो, मी बँकेत आहे!"

"म्हनून तर म्हनतो. हितं करून घ्या, तिकडं नको."

साहेब तणतणत निघून गेले आणि पुढच्या रविवारी, पुढं कुठं जायचं हे विचारायला परत आले.

माझी गोष्ट थोडी वेगळी. लग्नाआधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत, मी असला एक गेम खेळत असे. काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं, त्यातलं एक अक्षर म्हणजे राक्षस आणि दुसरं म्हणजे आपण. पुढं संसार सुरू झाला आणि ते सुटलं. मग एका गळिताच्या हंगामात, ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसावरून माझी स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण बोटं आखडली. मूठ वळेना, पेन धरवेना. नगरचे डॉक्टर म्हणाले, "हात चालवा. आत्ता मोकळा झाला नाही तर असाच राहील." मी मान डोलावली आणि हात पुन्हा गळ्यातल्या झोळीत ठेवला. दुखावला तर काय, ही भीती. लिहिणं हेच माझं काम होतं, त्यामुळे घरात कुणी हाताचा विषयसुद्धा काढत नसे.

त्याच दिवसांत मी आणि बायको कोपरगावला मुक्कामाला गेलो. साडूंनी हाताची विचारपूस केली नाही. म्हणाले, "साडूभाऊ, तुमी पूर्वी खेळायचे ना? चला आत." चौकशी झाली. मग म्हणाले, "तुमाला घाईचा गेम नको. ह्यो घ्या. तुमी चाल केल्याबिगर समोरचा हलत न्हाई. दिवसभर विचार केला तरी थांबतो बिचारा."

मी डाव्या हातानं माउस घेऊ लागलो, तर म्हणाले, "तिकडं न्हाई यायचा. वायर पुरत न्हाई." दुकानभर तारेची भेंडोळी टांगलेली, आणि त्या माणसानं माझ्या तोंडावर सांगितलं की वायर पुरत नाही! मी उजवा हात झोळीतून जेमतेम बाहेर काढला, तळवा माउसवर टेकवला, आणि खेळ झाला की लगेच परत आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका पुलावर माझा नायक मेला. साडू मागेच उभे होते. "थैलीत काय हाय बघू." मी थैली उघडली. औषधाच्या बाटल्यांनी गच्च भरलेली. वाटेत मिळालेली एकही मी वापरली नव्हती.

"ही का न्हाई घेतली?"

"कठीण प्रसंगासाठी ठेवली होती."

"आन् पुलावर काय, हळदीकुंकू हुतं?" ते हसले. मग त्यांनी माझ्या झोळीकडं पाहिलं. "ह्यो बी तसाच ठेवलाय व्हय?"

"अहो, पाहुण्यांना असं बोलतात का!" स्वयंपाकघरातून अक्का ओरडल्या.

मला राग आला. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललो नाही. पण सकाळी उठलो, झोळी सोडून घडी केली आणि बायकोच्या पिशवीत टाकली. तिनं पिशवी उचलून दुसऱ्या खोलीत नेली, म्हणजे मला परत सापडू नये.

त्यानंतर मी रविवारच्या रविवार एसटीनं कोपरगावला जाऊ लागलो. साडू दर खेपेस जरा जास्त चपळ गेम काढत आणि मी जरा जास्त कण्हत असे. "वरडा," ते म्हणत, "राक्षसाला काय वाटायचं ते वाटू द्या." पाऊस सुरू व्हायच्या सुमारास अक्कांनी दिलेला चहाचा कप मी उजव्या हातानं धरला. साडूंनी बशीत ओतलेला त्यांचा चहा तसाच गार झाला. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर घाईघाईनं म्हणाले, "ह्या गेमचा पुढचा भाग आलाय, लई भारी हाय."

आता साडूंची नजर गेली आहे. साखरेनं डोळे खाल्ले. उजेड कळतो, अक्षर कळत नाही. दुकान बंद आहे. मी निवृत्त आहे आणि माझा हात उत्तम चालतो, म्हणून महिन्यातून एकदा मी जातो. त्यांच्याच आवडीचा एखादा गेम लावतो, माउस मी धरतो आणि कुठं जायचं ते साडू सांगतात. मागच्या खेपेला त्यांनी नायकाला एका नदीच्या काठावर उभं केलं आणि पुढचं काही सांगेचनात.

"काय दिसतंय, साडूभाऊ?"

"नदी आहे. दोन होड्या आहेत. पलीकडे झाडं."

"पानी किती हाय?"

गेममध्ये पाण्याचं माप कुठंच दिलेलं नव्हतं. पडद्यावर नुसता एक निळा पट्टा होता.

"दोन्ही काठ भरून आहे," मी म्हणालो.

"मग बसू वाईच," ते म्हणाले. मी माउसवरचा हात काढला आणि आम्ही बसलो.