सुताराचं बोलणं पुरं होईस्तोवर

काजबटणवाल्या मावशीनं उतारवयात तत्त्वज्ञान शिकायला घेतलं, तेव्हा अख्खी इमारत हसली. नवरा म्हणाला, "अगं, त्यानं बटण लवकर लागतं का?"

"उलट उशीर लागतो," म्हणाली, आणि गेली आपली वाचनालयात वर्गाला.

तिथल्या मास्तरांचा नियमच होता. कुणाशी भांडायचं ना, तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो "हां, हेच" म्हणाला, की मग खुशाल भांडा.

पुढे नवऱ्याचं ऑपरेशन झालं. दुपारी कुठं डोळा लागतोय, तर तळमजल्यावरच्या भाडेकरू सुताराची करवत सुरू! माणूस दचकून उठायचा, टाके धरून कण्हायचा. मावशीच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. बाकीचेही वैतागले होते. शेवटी गच्चीवर मीटिंग बोलावली. सुताराला ठेवायचं की काढायचं, हात वर करून ठरवू म्हणाले. मावशी काढायचंच म्हणून जिना चढली.

सुतार उभा राहिला. बिचारा बोलताना फार अडखळायचा. "मी... मी..."

"मी जाणार नाही, असंच ना?" वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले. "झालं, काढायचं म्हणणाऱ्यांनी करा हात वर!"

भराभर हात वर झाले. मावशीचाही निघाला, आणि अर्ध्यातच राहिला. सुतार नुसती मान हलवत होता हो, नाही नाही म्हणून.

"थांबा जरा. त्याचं त्याला बोलू द्या."

"मावशी, अगं तुझाच नवरा तळमळतोय ना?"

"तळमळतोय की. बोल रे दादा, सावकाश बोल."

लागला वेळ. कुणी जांभया दिल्या, कुणी खाकरलं. "क... करवत मी सकाळीच उरकीन. वर आजारी माणूस आहे, हे मला कुणी सां... सांगितलंच नाही."

मावशीनं ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "हेच ना?"

"हेच."

पुन्हा हात वर झाले. सुतार राहिला, पण अगदी काठावर.

घरी नवरा भिंतीकडे तोंड करून पडला. "म्हणजे तू त्याच्या बाजूनं!"

दुसऱ्या दुपारी मावशी शर्ट घेऊन बसली, पण सगळा कान खाली. त्यानं शब्द मोडला तर? खाली काहीतरी पडलं, तिच्या बोटात सुई गेली. मग करवत नाहीच, नुसती हलकी घासघास.

"काय गं," भिंतीकडूनच आवाज आला, "सुतार पळाला की काय?"

"नाही. पॉलिशपेपर घासतोय."

"मग मला झोप का येत नाही?"

"रुसलायस म्हणून."

"हसवू नकोस, टाके दुखतात," म्हणाला, आणि तिला टेकायला जागा म्हणून जरा सरकला.