निळं हेल्मेट

आमच्या शेजारचे काका खराडीतल्या कंपन्यांमध्ये कल्पकता शिकवायला जातात. सदाशिव पेठेतल्या आमच्या जिन्यातही त्यांचं तेच चालतं. माझ्या हातात रिकामी बरणी दिसली की विचारणार, "हिचं आणखी काय करता येईल?" मी म्हणते, "लोणचं भरता येईल." तरी खूष!

काकू वारल्या, पण त्यांचं निळं हेल्मेट स्कूटरच्या हुकाला अजून तसंच आहे. परवा काका मला ऑफिसला सोडायला निघाले. मी ते हेल्मेट घ्यायला गेले, तर त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचं काढून मला दिलं.

"अहो काका, ते निळं रिकामंच आहे की!"

"रिकामं नाही ते," काका म्हणाले.

खराडीपर्यंत ते उघड्या डोक्यानं आले. प्रत्येक सिग्नलला त्यांचा हात खाली जाऊन त्या निळ्या हेल्मेटचा पट्टा चाचपून येत होता.