बाईंनी लिहून दिलं नाही

कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना सगळे मागून 'घासणी' म्हणत. एखादं गणित हातात घेतलं की लख्ख होईपर्यंत सोडायच्या नाहीत.

घरी राहून शिकणाऱ्या मुलांना त्या खुणांच्या भाषेतले धडे व्हिडिओवर पाठवायच्या. इंटरनेट मंद असलं की बोटं पुसट व्हायची. सात की आठ, मुलांना कळायचं नाही. चार वर्षं खपून बाईंनी स्वतःच व्हिडिओ आकसून पाठवणारा प्रोग्राम, म्हणजे कोडेक, लिहिला. बाकी चित्र धूसर झालं तरी हात स्वच्छ दिसायचे. तो त्यांनी सगळ्यांसाठी फुकट, खुला ठेवला. बघता बघता साठ शाळा तो वापरू लागल्या.

मग एका कंपनीचं पत्र आलं. चित्रातल्या हलत्या भागाला जास्त डेटा देऊन तो स्पष्ट ठेवायच्या युक्तीचं पेटंट आमचं आहे. वापर थांबवा आणि युक्ती आमचीच असल्याचं लिहून द्या. या कंपनीने आजवर एकही प्रोग्राम बनवला नव्हता. दुसऱ्यांची पेटंटं विकत घ्यायची आणि अशी पत्रं धाडायची, एवढाच तिचा धंदा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक वकील नणंदेकडे गेल्या.

"मी कुणाचं काही बघितलंसुद्धा नाही गं! माझं मी डोकं चालवलं."

"वहिनी, कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही. पेटंट त्यांच्याकडे आहे."

"हात नीट दिसावेत, याचं पेटंट? उद्या बेरजेचं घेतील मेले!"

"पेटंटच्या आधी कुणी हे छापलेलं सापडलं, तर ते रद्द होऊ शकतं. पण पाच-सहा वर्षं जातील."

"तोवर माझी पहिलीतली मुलं सहावीत जातील!"

प्रोग्राम जिथे ठेवला होता त्या वेबसाइटवाल्यांनी कंपनीच्या तक्रारीवरून, बाईंना न विचारता, आठवडाभरात तो काढून टाकला. शाळा घाबरल्या. वर्गात एका मुलीने खुणेने विचारलं, "बाई, तुम्ही चोरी केली?"

बाईंनी वापर थांबवला, पण कंपनीच्या कागदावरची कबुलीची ओळ पेनाने खोडून तो परत धाडला. पेटंट संपलेली एक जुनी पद्धत घेऊन प्रोग्राम नव्याने लिहिला. बोटं पूर्वीइतकी स्पष्ट येईनात, म्हणून मागे साधा काळा पडदा लावला. मुलांना आकडे कळू लागले.

दरम्यान तीच युक्ती छापलेलं एक जुनं मासिक बाईंना सापडलं. नणंदेने पेटंट रद्द करायचा अर्ज केला. अजून तारखाच पडताहेत. प्रत्येक तारखेला बाई रजा टाकून जातात, पहिल्या रांगेत बसतात आणि कंपनीच्या वकिलाकडे रोखून बघत राहतात.