पाढेबाईंची मोठ्याने वाचायची खोड

कार्यालयात सगळे त्यांना पाढेबाई म्हणायचे. संगणकांची देखभाल हे त्यांचं काम. एखादा प्रोग्राम काढायचा झाला की त्या आधी यंत्रालाच विचारायच्या, "हा काढला तर सोबत काय काय जाईल?" मग पडद्यावर उमटलेली यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायच्या आणि मगच 'होय' दाबायच्या. "अहो, उद्या परीक्षा आहे का?" साहेब चिडवायचे. टिंगलीत कानसेनही मागे नसायचे.

कानसेन म्हणजे तिथले टंकलेखक. जन्मापासून दृष्टी नाही, पण कान असे तिखट की ध्वनिफितीवरचं पुटपुटणंही सुटायचं नाही, म्हणून हे नाव पडलं. हेडफोन लावून ते बैठकांमधली लांबलचक भाषणं टाइप करायचे, आणि टाइप केलेलं अक्षर न् अक्षर संगणक त्यांना बोलून दाखवायचा. तो आवाज होता म्हणून नोकरी होती, आणि नोकरी होती म्हणून घरात ताठ मानेनं वावरता येत होतं.

एके दिवशी त्यांचा संगणक पार अडून बसला. आत जागाच उरली नव्हती. साहेबांनी फर्मान काढलं, "नको ते सगळं उडवा!" उडवा म्हणे! संगणक म्हणजे काय माळ्यावरची अडगळ आहे?

पाढेबाईंनी आधी कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून ठेवल्या. मग कुणीच वापरत नसलेला एक जुना प्रोग्राम काढायला घेतला. यंत्राचं म्हणणं पडलं, याच्याबरोबर आलेली ही छोट्या प्रोग्रामांची पिलावळही आता कुणाच्या कामाची नाही, सगळी जाईल. बाईंचं वाचन सुरू झालं. कानसेन शेजारी बसून चहा पीत होते. अर्धं लक्ष कपातच.

"...केटी-चार..."

"थांबा, ताई! हात काढा!" कानसेन ओरडले. चहा टेबलभर झाला. "अहो, तो माझा आवाज आहे!"

रोज सकाळी हेडफोनमध्ये पहिलं वाक्य यायचं, 'केटी-चार तयार.' ते त्यांच्याखेरीज कुणाच्या कानावर पडलंच नव्हतं. तो आवाज बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळला होता. एकदा गेला असता तर परत कुठून आणणार?

बाईंनी केटी-चारवर 'हे मुद्दाम ठेवलेलं आहे' अशी खूण केली, यादी पुन्हा मागवली, पुन्हा सगळी वाचली. आता ते नाव तीत नव्हतं. मग कुठे 'होय'. संगणक पुन्हा सुरू झाला, हेडफोनमध्ये ते ओळखीचं वाक्य आलं आणि कानसेनांचा जीव भांड्यात पडला.

"ताई, तुमच्या या खोडीनं आज मला वाचवलं बघा. फार उपकार झाले."

"खोड कसली, काका?" टेबल पुसता पुसता बाई म्हणाल्या. "घरी मी मनातच वाचते. इथे बाकीच्यांना पडदा दिसतो. तुमच्या संगणकात मी काय करतेय, ते तुम्हाला कसं कळणार?"

कानसेनांना आता उमगलं. इतकी वर्षं हे वाचन आपल्यासाठी होतं, आणि आपण हसत होतो!

पुढच्या वेळी कानसेनांच्या संगणकावर यादी सुरू झाली, तसे साहेब सवयीनं म्हणाले, "काय, परीक्षा आहे वाटतं?"

"जरा गप्प बसा हो, साहेब," कानसेन म्हणाले. "मला ऐकू द्या."