मॉडेमचा दुसरा दिवा

अन्याय दिसला की माझा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. नळाला मोटर लावून दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढणाऱ्यांविरुद्ध मी मोहीम उघडली होती. ('मोटरबहाद्दरांनो, लाजा!' हे पत्रक माझंच. लाजलं कुणी नाही.)

एका सकाळी पाणी आलं, तसा मी मोटरी हेरायला गच्चीवर चढलो. मोटर दिसली नाही, पण वायर दिसली! आमच्याच प्लगमधून निघून सरळ समोरच्या खांबावरच्या पेटीत शिरलेली. दिवसाढवळ्या वीजचोरी, आणि तीही आंदोलकाच्या घरातून! मी प्लग उपटला आणि छाती काढून खाली आलो.

खाली धाकटी बहीण सोनल नव्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा अर्ज नेटवरून भरायचा शेवटचा दिवस. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. चुकली की वर्ष गेलं.

"दादा, नेट गेलं! आत्ता तर चालू होतं."

मॉडेमवर तीन दिवे. पहिला ठणठणीत, दुसरा लुकलुकतोय, तिसरा गप्प. मी नेट देणाऱ्या केबल कंपनीला फोन लावला.

"सर, मॉडेम बंद करून तीसपर्यंत मोजा," एक बाई गोड आवाजात म्हणाली. मोजले. "आता साठपर्यंत मोजा."

"मॅडम, मी इथं लपंडाव खेळतोय का?"

"सर, दुसरा दिवा स्थिर नाही म्हणजे तुमच्यापर्यंत सिग्नलच येत नाही. माणूस पाठवते."

माणूस येईपर्यंत स्वस्थ बसणं माझ्या रक्तात नाही. मी कॉम्प्युटरच्या मागच्या झाडून सगळ्या वायरी काढल्या, फुंकल्या, बनियनला पुसल्या आणि परत खोचल्या. आता नेट तर नव्हतंच, पण माऊसही हलेना!

"दादा, मी चौकातल्या नेट कॅफेत जाते," सोनल रडवेली झाली.

"बिलकुल नाय! आपण पैसे भरणारे ग्राहक आहोत. हा आपला हक्क आहे!"

"मला हक्क नको रे, ॲडमिशन पाहिजे!"

तेवढ्यात समोरच्या मंदाकाकू दारात उभ्या. "अरे, आमचा टीव्ही सकाळधरनं बंद हाय. नुसत्या मुंग्या दिसायल्यात. तुमचा?"

माझे डोळे चमकले. "काकू, म्हणजे ही एका घराची गोष्ट नाय! कंपनीनं अख्ख्या गल्लीचा गळा दाबलाय!"

"गळ्याचं राहू दे, मालिका बुडाली ना माझी!"

मी ताबडतोब निवेदन लिहायला बसलो. कंपनीचा जाहीर निषेध. मागणी एकच: दोषी व्यक्तीला शोधून तिच्यावर आजच्या आज, सर्वांसमक्ष कडक कारवाई व्हावी. घरोघरी फिरून सतरा सह्या आणल्या. (माझ्या पत्रकांना इतका प्रतिसाद कधीच मिळाला नव्हता. दुष्काळाला जे जमलं नाही ते बंद टीव्हीने करून दाखवलं.)

चार वाजता केबलवाले शकीलभाई शिडी घेऊन आले. सह्या करणारे झाडून जमले होते. मी घसा खाकरून निवेदन वाचून दाखवलं. शकीलभाईंनी शांतपणे ऐकलं, खांबाकडे पाहिलं, मग आमच्या गच्चीकडे.

"भैया, खंबे पे बूस्टर है ना, वो बंद पड्या. उसके बगैर पूरी गल्ली में सिग्नल नै आता. उसकू लाइट तुम्हारे घर से है."

"आमच्या घरातून? कुणाच्या परवानगीनं?"

"तुम्हारे पप्पा बोले, लगा लो करके. बदले में तुम्हारा टीव्ही भी फुकट, नेट भी फुकट."

"पैसे भरणारे ग्राहक म्हणे!" सोनल दात ओठ खात म्हणाली.

आणि नेमके त्याच दिवशी बाबा ऑफिसातून लवकर आले. बूस्टर बंद पडल्याचं ऐकताच ते थेट गच्चीवर गेले आणि कठड्यावरून वाकून विचारलं, "हा प्लग कुणी काढला?"

सतरा सह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

शकीलभाईंनी वर जाऊन प्लग खोचला. गल्लीतले सगळे टीव्ही एकदम ओरडले. मॉडेमचा दुसरा दिवा स्थिर झाला, तिसरा पेटला. पण माऊस अजून मेलेलाच. मी भलत्याच भोकात खोचलेली वायर शकीलभाईंनी जागेवर लावेस्तोवर पावणेपाच! आईने देवापुढे दिवा लावला. मी मध्येच एक मुद्दा सांगायला तोंड उघडलं, तर सोनल म्हणाली, "तू फक्त कशालाही हात लावू नको!" पाचला चार मिनिटं कमी असताना अर्ज गेला. आत सोनलने टाळी वाजवली, बाहेर गल्लीनेही वाजवली.

बाबा सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर आहेत. त्यांनी माझ्या हातातून निवेदन घेतलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'मंजूर.' खाली सही.

आयुष्यात मी कितीतरी निवेदनं दिली. दिलं त्याच दिवशी मंजूर होऊन दोषीवर सर्वांसमक्ष कारवाई झालेलं हे एकच. कान दोन दिवस लाल होता.