दुसऱ्याच्या बापाला समजावणं

समाजकार्य शिकायला लागलं की पहिल्या वर्षापासूनच गावातले लोक आपल्याला 'सर' म्हणायला लागतात. मिसरूड धड फुटलेलं नसतं, पण गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र असतं ना! मीही असाच फुगलो होतो. आठवड्यातले दोन दिवस आमचं फिल्डवर्क राणीसावरगावला असायचं. तिथं एका बापानं पोरीची शाळा आठवीनंतर बंद केली होती. घरात आजी अंथरुणाला खिळलेली, तिच्याजवळ कोणीतरी पाहिजे म्हणून. मोठा भाऊ होता, तो दिवसभर पारावर.

मी त्या घराचे उंबरे झिजवले. बाप खेकसायचा, "सर, तुमाला दुसरं काम न्हाई का?" मीही चिकट. एकदा त्या भावाच्या देखतच म्हणालो, "मामा, आजीला पाणी द्यायला पोरगीच कशाला पायजे? ह्या गड्यानं दिलं तर काय पाणी कडू होतंय?" पोरगा खाली बघायला लागला, बाप हसला, आणि शाळा उघडल्यावर पोरगी नववीत बसली. आमच्या कॉलेजच्या मॅडमनी वर्गात उभं करून माझं कौतुक केलं. मग काय, जाईन तिथं मी तेच वाक्य वाजवायचो.

त्याच पावसाळ्यात आमच्या गावी, पालमला, आईला लकवा मारला. डावं अंग गेलं. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, किराणा दुकान, त्यांना हलता येईना. धाकट्या बहिणीची बारावी झालेली, नांदेडला नर्सिंगला नंबर लागलेला. तिला लहानपणापासून नर्सच व्हायचं होतं. गल्लीत कोणाला ताप आला की ही मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या घेऊन हजर.

मी घरी गेलो तशी तिनं मला अंगणातच गाठलं. "दादा, माय उठून बसस्तोवर दोघांपैकी एकानं घरी राहा म्हणायलेत अण्णा. तू एक वर्ष राहतोस का? मी गेले न्हाई तर नंबर जातोय. तुला कॉलेज पुढच्या वर्षी बी घेतंय."

खरंच घेतलं असतं. आमच्या वर्गातल्या एकानं तसंच केलं होतं. मी म्हणालो, "बोलतो अण्णांशी."

संध्याकाळी जेवताना अण्णांनीच विषय काढला. "बोला, कोण राहायलंय?" बहीण चुलीपुढं भाकरी थापायली होती. थापणं थांबलं. माझ्या तोंडात घास होता, तो मी नुसता घोळवत बसलो. दुसऱ्याच्या बापापुढं तासतास चालणारी माझी जीभ! शेवटी अण्णाच म्हणाले, "पोराला काय जमतंय ह्यातलं. पोरगीच राहू दे." आईला न्हाऊ घालायला शेजारची काकू येतच होती, बाकीचं सगळं मला जमलं असतं. पण देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं. सुटलो बाबा, असं वाटलं. त्या वाटण्याची मला अजून किळस येते.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. शनिवारी एसटीनं घरी जातो. आई भिंतीला धरून थोडं चालते. बहिणीचा नर्सिंगचा नंबर तेव्हाच गेला, आणि अण्णा आता तिच्यासाठी स्थळं बघायलेत. गेल्या खेपेला ती आईच्या पायाला तेल चोळत होती आणि मी राणीसावरगावच्या पोरीचं कौतुक सांगत होतो, की ती आता दहावीला आहे, वर्गात पहिली येते. कोणापुढं काय सांगावं, एवढी अक्कल नको?

"लय बेस झालं बग," बहीण म्हणाली. मग आईचा दुसरा पाय मांडीवर घेत तिनं विचारलं, "दादा, तुमच्या फिल्डवर्कात पालम येत न्हाई का रे?"

चिडून नाही, थट्टेनंच विचारलं. आई अर्ध्या तोंडानं हसली. मी खाली बघून तेलाची वाटी बहिणीकडं सरकवली. तेवढंच केलं.